तंबाखूची तलफ आणि गर्दची टर्की : एक तुलना

(मंडळाच्या विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्यसनमुक्ती या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी सूचना कार्यकारिणीने केली. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिकाची नोकरी करतो. त्यामुळे जे वाचले, जाणकारांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्याकडे व्यसनमुक्तीचे भाषण म्हणजे दारूवरचे भाषण, असा जणू नियमच झाला आहे. वक्ता दारूवर तुटून पडतो, श्रोते टाळ्या वाजवतात, आणि कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपला शोधता शोधता कोणाच्या तरी खिशातून तंबाखूची पुडी निघते. शेजारचा चुन्याची डबी पुढे करतो. तळहातावर बार मळला जातो आणि त्याच दारूबंदीच्या भाषणाची स्तुती सुरू होते. यात कोणाला काही विसंगत वाटत नाही, कारण तंबाखू ही "सवय" आणि दारू, गांजा, गर्द ही "व्यसने", अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली आहे. ही वाटणी बरोबर आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "पंचशीलात मद्याचा उल्लेख आहे, तंबाखूचा कोठे आहे? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, विडीची नाही." शब्दशः पाहिले तर हे खरे आहे. परंतु तथागतांच्या काळी या देशात तंबाखू नव्हतीच. ती मूळची अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला असद बेग या सरदाराने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली, आणि १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदीही घातली. जी वस्तू अस्तित्वातच नव्हती तिचे नाव शीलात कसे येईल? पाचव्या शीलाचा रोख प्रमादावर आहे, म्हणजे माणसाचे स्वतःवरचे भान सुटण्यावर आहे. तंबाखू या कसोटीला लागते की नाही, हे आपण तपासले पाहिजे. केवळ नाव नाही म्हणून ती सुटत नाही.

नशा वेगळी, व्यसन वेगळे

आपला गोंधळ मुळात येथे होतो. नशा म्हणजे पदार्थ घेतल्यावर डोके फिरणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे. व्यसन म्हणजे तो पदार्थ घेतल्यावाचून राहता न येणे. नुकसान होते आहे हे कळत असूनही तो सोडता न येणे. दारूत या दोन्ही गोष्टी ठळक दिसतात. तंबाखूत पहिली जवळजवळ नसते आणि दुसरी मात्र पुरेपूर असते. तंबाखू खाऊन कोणी गटारात पडत नाही. तंबाखू खाणारा ड्रायव्हर गाडी चालवतो, शिक्षक वर्ग घेतो, कारकून हिशेब लिहितो. त्यामुळे घरचे भीत नाहीत, शेजारी हसत नाहीत आणि खाणाऱ्याला लाज वाटत नाही. नशा दिसत नाही म्हणून व्यसन नाही, असे आपण धरून चालतो.

वैद्यकशास्त्राचे मत निराळे आहे. १९८८ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. सिगारेट आणि तंबाखूचे इतर प्रकार व्यसन लावणारे आहेत, ते व्यसन निकोटीन या द्रव्यामुळे लागते, आणि हेरॉइन व कोकेन यांचे व्यसन ज्या प्रक्रियेने जडते तशाच प्रक्रियेने हेही जडते, असे तीन निष्कर्ष त्यात काढले होते. तरीही १९९४ साली सात मोठ्या सिगारेट कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की, निकोटीन व्यसन लावते असे आम्हांस वाटत नाही. पुढे त्या कंपन्यांचीच जुनी कागदपत्रे बाहेर आली आणि त्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते हे उघड झाले.

शरीरात काय घडते?

सिगारेटचा किंवा विडीचा झुरका घेतला की निकोटीन फुफ्फुसातून रक्तात आणि तेथून दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथे डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि माणसाला क्षणभर बरे वाटते. दारू, गर्द, कोकेन यांचे मार्ग वेगवेगळे असले तरी शेवटी मेंदूतील हेच "बरे वाटण्याचे" केंद्र ती चाळवतात.

तंबाखू मळताना चुना का लावतात, याचेही उत्तर रसायनशास्त्रात आहे. चुना अल्कधर्मी असल्यामुळे तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून निकोटीन लवकर आणि जास्त शोषले जाते. तंबाखू "लागते" ती त्यामुळे. आपल्या माता-भगिनी मशेरी लावतात. ती दात घासण्याची वस्तू समजली जाते, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ज्या बाईला सकाळी मशेरी मिळाली नाही तर डोके धरते आणि दिवसातून चार वेळा दात घासावेसे वाटतात, तिचे दात घाण झालेले नसतात. तिला तलफ आलेली असते.

रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. मग पुन्हा तलफ, पुन्हा बार. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा, एका सिगारेटचे दहा झुरके धरले तर, दिवसाला दोनशे आणि वर्षाला त्र्याहत्तर हजार झुरके घेतो. एवढ्या वेळा दुसरा कोणताही मादक पदार्थ माणूस घेत नाही. प्रत्येक झुरक्याबरोबर चहा, जेवण, बसस्टॉप, मित्राची भेट, साहेबांचे बोलणे या गोष्टी तंबाखूशी बांधल्या जातात. सोडताना ही सगळी गाठोडी एकेक करून सोडवावी लागतात.

चार मुद्द्यांवर तुलना

पहिला मुद्दा पकडीचा. १९९४ साली अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी एखादा पदार्थ आयुष्यात एकदा तरी घेतला, त्यांपैकी किती जणांना त्याचे व्यसन जडले, हे त्यात मोजले होते. तंबाखूच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात ३२ होते. हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५ आणि गांजा ९. यावरून तंबाखू हेरॉइनपेक्षा जहाल आहे असा अर्थ मात्र काढू नये. तंबाखू कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, स्वस्त आहे आणि कायद्याने चालते, हेही त्या आकड्यामागचे कारण आहे. पण "एकदा घेऊन पाहिली तर काय बिघडते?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ढोबळमानाने तिघांतला एक अडकला.

दुसरा मुद्दा सोडतानाच्या त्रासाचा. येथे फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. गर्द बंद झाली की काही तासांतच नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात. या अवस्थेला गर्दच्या विळख्यात सापडलेली मुले "टर्की" म्हणतात. दोन-तीन दिवस ती शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात बरीच ओसरते. जुनाट दारुड्याने दारू एकाएकी थांबवली तर हातपाय कापतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून अशा माणसाला डॉक्टरच्या देखरेखीवाचून कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. तंबाखू सोडताना यांपैकी काही होत नाही. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते, मन उदास होते, कामात लक्ष लागत नाही. पहिल्या आठवड्यात हा त्रास अधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक उतरतो. त्रास सौम्य, पण पुन्हा तंबाखूकडे वळणाऱ्यांची संख्या मात्र फार मोठी. कोणाच्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्यांपैकी शंभरात जेमतेम तीन ते पाच जण एका प्रयत्नात कायमचे सुटतात.

तिसरा मुद्दा तत्काळ धोक्याचा आणि घरादाराच्या नाशाचा. गर्दची मात्रा जास्त झाली तर श्वास थांबून माणूस तेथल्या तेथे दगावतो. दारूमुळे मारझोड होते, अपघात होतात, पगार घरी येत नाही, मुलांची शाळा सुटते. तंबाखूवर हा आरोप कोणी करणार नाही. तंबाखू हे सर्वांत वाईट व्यसन आहे, असे म्हणून मी दारूला सवलत देऊ इच्छित नाही.

चौथा मुद्दा एकूण बळींचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे तंबाखूमुळे जगात दरवर्षी ८० लाखांहून अधिक माणसे मरत होती. त्यांत इतरांच्या धुरामुळे मरणारे सुमारे १३ लाख होते. भारतातला आकडा वर्षाला १३ लाखांच्या पुढे जातो. पकडून ठेवण्याचे काम निकोटीन करते. जीव घेतात ते धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि खाण्याच्या तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दारूचे कर्ज लवकर थकते, नोटीस येते, चार माणसांत नाव जाते. तंबाखूचे कर्ज वीस-तीस वर्षे कोणाच्या नजरेला येत नाही, आणि वसुली येते तेव्हा मुद्दल आणि चक्रवाढ व्याज एकदमच मागते.

पुण्याचा अनुभव

आपल्या पुण्याला या बाबतीत अभिमान वाटावा असे एक काम झाले आहे. १९८० नंतर मुंबई-पुण्यात गर्द पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक साह्य देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. गर्दसाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्णही येऊ लागले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे, त्याला तुच्छतेने नव्हे तर मायेने वागवले पाहिजे, आणि बरा होण्याच्या कामी त्याच्या कुटुंबालाही सामील करून घेतले पाहिजे, ही दृष्टी महाराष्ट्राला या केंद्राने दिली.

आता एक प्रश्न आपण स्वतःला विचारू. एखादा माणूस प्रयत्नपूर्वक दारूतून बाहेर आला, आपण त्याचा सत्कार केला, आणि त्याची तंबाखू तशीच चालू राहिली, तर तो वाचला काय? अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दारू व इतर व्यसनांवर उपचार घेतलेल्या ८४५ रुग्णांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे मरण पावले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू तंबाखूशी संबंधित होते, आणि दारूशी संबंधित सुमारे एक तृतीयांश. म्हणजे ज्या शत्रूविरुद्ध लढाई केली त्याच्यापेक्षा, जो खिशात बसून होता त्याने अधिक माणसे नेली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या मार्गदर्शनाखाली २०१६ पासून सुरू असलेले "मुक्तिपथ" अभियान दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध एकत्र काम करते, ते मला म्हणूनच योग्य वाटते.

परिसराचा प्रभाव किती असतो याचेही एक उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिकांना हेरॉइनचे व्यसन लागले होते. लोकांना वाटले, हे सर्व आता आयुष्यातून उठले. डॉ. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांची पाहणी केली, तेव्हा तेथे व्यसनी झालेल्यांपैकी शंभरात पाचच जण पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे आढळले. घरी परतल्यावर ती जागा, ती संगत आणि तो सहज मिळणारा माल राहिला नव्हता. तंबाखू सोडणाऱ्याला असा परतीचा देश नाही. तो ज्या वस्तीत, ज्या टपरीसमोर, ज्या मित्रांत अडकला, तेथेच त्याला राहायचे असते. म्हणून त्याची वस्तीच थोडी बदलावी लागते, आणि ते एकट्याचे काम नव्हे. ते मंडळाचे काम आहे.

महाराष्ट्राची स्थिती

२०१६-१७ च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. धूर काढणारे ४ टक्क्यांच्या आत होते, तर खाणारे व लावणारे २४ टक्क्यांहून अधिक. आपला शत्रू मुख्यतः चंचीत, पुडीत आणि मशेरीच्या डबीत आहे. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि आपल्या सवयीबद्दलची खंत त्यांनी जाहीर सभांतून बोलून दाखवली. उत्तम डॉक्टर ज्यांच्या दिमतीला आहेत त्यांची ही कथा, तर हातावर पोट असलेल्याचे काय होत असेल?

कायदे झाले आहेत. गुटख्यावर आपल्या राज्याने २००२ साली बंदी घातली. ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्न सुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा ठरवले आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई केली. असे असताना आपण घरातल्या दहा वर्षांच्या पोराला "जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये" म्हणून पाठवतो. त्या पोराची तंबाखूशी पहिली ओळख आपणच करून देतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

येथे एक खबरदारी हवी. तंबाखूशी आपल्या समाजाचा संबंध कष्टाचाही आहे. विदर्भात आपली कितीतरी कुटुंबे विडीवर जगली. "जय भीम" हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. सोलापुरात आजही हजारो स्त्रिया विड्या वळतात. आपले वैर तंबाखूच्या व्यसनाशी आहे, पोटासाठी विडी वळणाऱ्या बाईशी नाही. तिला दुसरा रोजगार मिळावा ही मागणी व्यसनमुक्तीचाच भाग आहे.

मग करायचे काय?

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर सिगारेट घेतली की डोके चालते, असे सांगणारे तुम्हांला भेटतील. ज्याला व्यसन लागले आहे त्याचे लक्ष तलफेमुळे उडते, आणि सिगारेटने ती तलफ शमली की त्याला वाटते डोके चालले. जी काठी सिगारेटनेच पायात घातली, ती तिनेच क्षणभर काढली, एवढाच तो उपकार.

आपण किती अडकलो आहोत हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते काय? लागत असेल तर पकड घट्ट आहे. अशाने लाजू नये. निकोटीनचा च्युइंगगम व पट्टी, तसेच डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधे आज उपलब्ध आहेत. केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तर हरलो असे समजू नये. बहुतेकांना अनेक प्रयत्न करावे लागतात. सोडण्याचा लाभ कोणत्याही वयात आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलेले आढळले. परंतु तिशीत सोडणाऱ्याने ती जवळजवळ सगळी वर्षे परत मिळवली आणि साठीत सोडणाऱ्यानेही तीन वर्षे मिळवली.

हिशेबही पाहा. रोजचे वीस रुपये धरले तरी वर्षाचे सात हजार तीनशे होतात. व्याज न धरता वीस वर्षांचे एक लाख शेहेचाळीस हजार. मुलीच्या शिक्षणाच्या वेळी कर्जाचा अर्ज घेऊन काउंटरवर उभ्या राहणाऱ्या कितीतरी बापांना मी पाहतो. त्यांतल्या काहींच्या वरच्या खिशातच ही आवर्ती ठेव रोज जळत असते.

मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. विहार आणि त्याचे आवार तंबाखूमुक्त करावे, पाटी लावून आणि ज्येष्ठांनी स्वतः पाळून. लग्नकार्यात व सभासंमेलनात तंबाखूचे तबक फिरवणे बंद करावे. आणि जो सोडू इच्छितो त्याच्याबरोबर पहिला महिनाभर रोज कोणीतरी एक जण राहावा, त्याची विचारपूस करावी. आपल्या परंपरेत अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हणतात.

शेवटी एवढेच सांगतो की, या तुलनेतून दोन गोष्टी घ्याव्यात. तंबाखूकडे आपण जेवढ्या बेफिकिरीने पाहतो तेवढे पाहू नये, आणि गर्दुल्ल्याकडे वा दारुड्याकडे जेवढ्या तिरस्काराने पाहतो तेवढेही पाहू नये. तंबाखू खाणाऱ्या आपल्या काकांना सुटता येत नाही, आणि रेल्वे स्टेशनच्या कोपऱ्यात पडलेल्या त्या मुलालाही सुटता येत नाही. दोघांच्याही मेंदूला एकाच प्रकारची गाठ बसली आहे. एकाला आपण पानाचा डबा देतो आणि दुसऱ्याला लाथ. दोघांनाही हात देता आला, तर पाचव्या शीलाचा अर्थ आपल्याला कळला असे मी समजेन.